हवाई रुग्णवाहिकेत सोनोग्राफी: जमिनीवर कधी, विमानात कधी आणि कधी मुळीच नाही

चोपडा तालुक्यातील एका डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मोटारसायकलच्या अपघातात बरगड्या मोडलेला आणि व्हेंटिलेटरवर असलेला त्यांचा एक तरुण रुग्ण जळगावहून एअर ॲम्ब्युलन्सने मुंबईला हलवायचा होता. त्याला न्यायला आलेल्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वी खाटेवरच, मोबाइलला जोडलेल्या छोट्या प्रोबने (सोनोग्राफी यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग), त्याची छाती आणि पोट पाहिले. छातीचा एक्स-रे आधीच झालेला होता आणि त्यात काही आढळले नव्हते. पथक येण्यापासून रुग्ण बाहेर पडेपर्यंत पाऊण तास गेला आणि नातेवाईक चिडले. ही तपासणी खरोखर आवश्यक होती का, ती विमानात करता आली नसती का, आणि असे यंत्र आपणही घेऊन ठेवावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली चौदा वर्षे जळगाव आणि धुळ्याहून गंभीर रुग्ण विमानाने हलवण्याचे काम करतो. तुमचा रुग्ण मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्या दिवशीचा निर्णय योग्य होता की नव्हता हे मी सांगू शकत नाही. रुग्णाची अवस्था, विमानाचा प्रकार, प्रोब धरणाऱ्याचा सराव आणि जवळ शल्यचिकित्सक उपलब्ध आहे की नाही, यांवर उत्तर बदलते. मात्र बरगड्या मोडलेला आणि व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण उंचीवर जाणार असेल, तर मीही निघण्यापूर्वी त्याची छाती पाहिली असती. एक्स-रे स्वच्छ असता तरीही पाहिली असती.

सोनोग्राफी चांगली की वाईट, हा इथला मूळ प्रश्न नाही. एखादी गोष्ट कळल्याने आपण काय बदलणार आहोत आणि ते बदलणे कुठे शक्य आहे, हा मूळ प्रश्न आहे. रुग्णालयाच्या खाटेवर छातीत नळी घालता येते, रक्त मागवता येते, शल्यचिकित्सकाला बोलावता येते आणि वेळ पडल्यास प्रवासच रद्द करता येतो. दारे बंद होऊन विमान वर गेले की यांतले जवळजवळ काहीच हातात राहत नाही. म्हणून प्रवास ठरवणारी माहिती जमिनीवर मिळवावी, आणि विमानात प्रोब फक्त अशाच प्रश्नासाठी उचलावा, ज्याचे उत्तर त्या अरुंद जागेत माझी पुढची कृती बदलेल. उत्तर काहीही आले तरी मी तेच करणार असेन, तर मी प्रोब उचलत नाही.

आता छातीविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. बंद जागेतील वायूवरचा दाब घटला की त्याचे आकारमान वाढते, हा बॉइलचा नियम आपण सगळे शाळा-कॉलेजात शिकलो आहोत. विमानाच्या केबिनमध्ये दाब राखलेला असतो, परंतु तो जमिनीवरच्या इतका नसतो. साधारणपणे ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असावा तितका असतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत ८,००० फुटांवरच्या दाबाला हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. फुफ्फुसाबाहेर हवेचा लहानसा कप्पा असेल तर खाटेवर तो काही त्रास देणार नाही. तोच कप्पा, व्हेंटिलेटरचा दाब मागून ढकलत असताना, विमान वर चढता चढता हृदयाकडे येणारे रक्त अडवण्याइतका मोठा होऊ शकतो.

एक्स-रे स्वच्छ असूनही ही शंका का राहते, याचे कारण रुग्णाच्या निजण्यात आहे. उताणा निजलेल्या माणसाच्या छातीत हवा पुढच्या बाजूला चढते आणि पातळ थरासारखी पसरते, त्यामुळे झोपून काढलेल्या एक्स-रेवर ती पुष्कळदा दिसतच नाही. प्रोब मात्र नेमका तिथेच, छातीच्या पुढच्या भागावर, ठेवला जातो. झोपलेल्या अपघातग्रस्तात न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा) शोधण्यासाठी सोनोग्राफी एक्स-रेपेक्षा अधिक संवेदनशील आहे, हे आता आपत्कालीन वैद्यकात सर्वमान्य आहे. दोन बरगड्यांच्या मधोमध पाहिले की फुफ्फुसाच्या आवरणाची एक उजळ रेघ दिसते आणि श्वासागणिक, पाटाच्या पाण्यावर उन्हाची चमक हलावी तशी, ती पुढेमागे सरकते. ती सरकत असेल तर प्रोबच्या त्या जागेखाली हवा साठलेली नाही, हे खात्रीने म्हणता येते.

रेघ सरकत नसेल तर मात्र हवा काढण्यासाठी लगेच सुई उचलू नये. व्हेंटिलेटरची नळी एकाच बाजूच्या श्वासनलिकेत गेली असेल, जुन्या क्षयरोगाने आवरणे चिकटली असतील (आपल्या भागात असे रुग्ण थोडे नाहीत), किंवा फुफ्फुसात मोठा फुगा असेल, तरीही ती रेघ स्थिर दिसते. सरकणारी आणि न सरकणारी रेघ जिथे एकमेकींना भेटतात ती जागा सापडली, तर निदान पक्के होते. ती सापडली नाही तर रुग्णाची एकूण अवस्था पाहूनच ठरवावे लागते.

याविषयी एक प्रवास मला तपशिलासकट आठवतो. रुग्ण डोक्याला मार लागलेला, व्हेंटिलेटरवर. जमिनीवर दोन्ही बाजूंची रेघ सरकत होती आणि तशी नोंद मी केली होती. उड्डाणानंतर साधारण वीस मिनिटांनी सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) ९७ वरून ८८ वर आले आणि व्हेंटिलेटरचा दाब वाढल्याचा दिवा लागला. त्या विमानात स्टेथोस्कोपचा उपयोग नव्हता. दोन प्रोपेलरांच्या आवाजात कानाला फक्त घरघर ऐकू येते आणि ती छातीची की इंजिनाची हे कळत नाही. कॅप्नोग्राफचा, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख चांगला होता, म्हणजे नळी श्वासमार्गातच होती. डावीकडे प्रोब ठेवला तर रेघ स्थिर. सोबतच्या नर्सने माझ्या सांगण्याची वाट न पाहता मोठी सुई काढून हातात धरली होती, आणि तिचे चुकले नव्हते. मी प्रोब तिथेच धरून ठेवला. रेघ सरकत नव्हती, पण मॉनिटरवरच्या नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती बारीकशी थरथरत होती. हृदयाचा ठोका फुफ्फुसातून त्या रेघेपर्यंत पोहोचत असेल तर मध्ये हवेचा थर नाही. फुफ्फुस भिंतीला टेकलेले आहे, फक्त त्यात श्वास जात नाही. रुग्ण चढवताना नळी आत सरकून उजव्या श्वासनलिकेत गेली होती. आम्ही ती दोन सेंटीमीटर मागे घेतली, पुन्हा बांधली, आणि सहा-सात श्वासांत डावी रेघ हलू लागली. प्रोब नसता तर त्या दिवशी मी एका धडधाकट फुफ्फुसात सुई खुपसली असती.

विमानात सोनोग्राफी करता येते का, याचे उत्तर या अनुभवात आहे: करता येते, पण तेवढ्यापुरतीच. शिवाय आपल्याकडे येणाऱ्या छोट्या विमानांत स्ट्रेचर एका भिंतीला लावलेले असते. रुग्णाची एक बाजू भिंतीकडे असते आणि तिथे कुशीपर्यंत हात पोहोचत नाही. छातीवरून आणि मांड्यांवरून पट्टे गेलेले असतात आणि ते सोडण्याची मुभा नसते. खिडकीतून ऊन आले की स्क्रीनवर फक्त आपलाच चेहरा दिसतो, म्हणून मी एक काळे फडके जवळ ठेवतो. जेलची अर्धी रिकामी बाटली वर गेल्यावर उघडली तर आतली हवा फुगलेली असल्याने जेल अंगावर उडते. झाकण जमिनीवरच एकदा सैल करून पुन्हा लावावे. हेलिकॉप्टरमध्ये कंपने इतकी असतात की एम-मोडची (एकाच रेषेवरची हालचाल आलेखासारखी दाखवणारी) चित्रे मी ग्राह्य धरत नाही, फक्त डोळ्यांनी दिसणारी रेघ पाहतो. आणि मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, जळगावच्या धावपट्टीवर उन्हात राहिलेला प्रोब तापून आपोआप बंद पडतो. तो थंड पेटीत ठेवायचा नाही, कारण त्यावर पाणी धरते. सावलीत, कापडात गुंडाळून ठेवला तरी पुरते.

पोटाविषयी मी अधिक सावधपणे बोलेन. अपघातग्रस्ताच्या पोटात, हृदयाभोवती आणि छातीत रक्त किंवा हवा आहे का, हे काही ठराविक जागी पाहण्याच्या पद्धतीला ईफास्ट म्हणतात. जर्मनीत डॉक्टर असलेल्या हवाई व रस्त्यावरील पथकांनी घटनास्थळीच पोटाची अशी तपासणी केली, त्याचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील २३० रुग्णांमध्ये ही माहिती रुग्णालयातील तपासणीपेक्षा सरासरी ३५ मिनिटे आधी मिळाली आणि सुमारे पाचांपैकी एका रुग्णाबाबत कोणत्या रुग्णालयात न्यायचे हा निर्णय बदलला. मला त्यातला हा दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो, मात्र आपल्याकडे तो वेगळ्या रीतीने लागू होतो. तिथे हेलिकॉप्टर अपघाताच्या जागी उतरते. इथे विमान बहुधा मुंबईहून यावे लागते, रुग्ण आधीच एखाद्या रुग्णालयात असतो, आणि मागणी आल्यापासून मुंबईच्या खाटेपर्यंत पोहोचायला कित्येक तास जातात. म्हणून पोटातले रक्त आपल्याला बहुतेक वेळा हेच सांगते की उडू नका.

रावेरकडचा एक केळीच्या गाडीवरचा हमाल मला आठवतो. केळीचे घड भरताना तो गाडीवरून खाली पडला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा बीपी सलाईनवर कसेबसे ९० होते. व्हेंटिलेटर आणि सिरिंज पंप बदलत असताना मी उजव्या कुशीत प्रोब ठेवला. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये जिथे फक्त एक पांढरी रेघ हवी, तिथे बोटभर रुंदीचा काळा पट्टा होता. त्याच्या भावाने जमिनीचा तुकडा गहाण ठेवून विमानाचे पैसे उभे केले होते आणि तो दारातून सारखे म्हणत होता, ‘डॉक्टरसाहेब, चाला ना आते, येळ व्हयी ऱ्हायना.’ त्याला बाहेर नेऊन, स्क्रीनवरचा तो काळा पट्टा दाखवून, हे रक्त आहे आणि मुंबईपर्यंत ते थांबणार नाही, हे सांगणे हे त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम होते. विमान रिकामे परत गेले. पंधरा-वीस मिनिटांवर शल्यचिकित्सक होते. त्यांनी तासाभरात पोट उघडून फुटलेली प्लीहा काढली आणि रुग्ण वाचला. सोनोग्राफीने मी जी काही चांगली कामे केली असतील त्यांत न केलेला हा प्रवास मी सर्वांत वर ठेवतो.

तथापि काळा पट्टा म्हणजे रक्तच असे नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका वयस्क गृहस्थांच्या पोटात मला पाणी दिसले, मी ते रक्त समजलो आणि शल्यचिकित्सकांना रात्री बोलावून घेतले. त्यांचे यकृत जुन्या आजाराने सुकलेले होते आणि ते जलोदराचे पाणी होते. जुन्या फाइलमध्ये ते स्पष्ट लिहिलेले होते; मी फाइल वाचण्याआधी प्रोब ठेवला, ही माझी चूक होती. सातपुड्याच्या पट्ट्यातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांमध्ये प्लीहा आधीच वाढलेली असू शकते, हेही तपासणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. उलट बाजूने, ईफास्टमध्ये काही दिसले नाही म्हणजे रक्तस्राव नाही असे मुळीच समजू नये. थोडे रक्त दिसत नाही, पोटाच्या मागच्या भागातला आणि कटिबंधाच्या मोडलेल्या हाडांतला रक्तस्राव दिसत नाही, आणि पहिल्या तासात स्वच्छ दिसलेले पोट तिसऱ्या तासात तसेच असेल याची हमी नसते.

काही गोष्टी मी विमानात पाहतच नाही. डोळ्यामागच्या मज्जातंतूच्या आवरणाची जाडी मोजून मेंदूवरचा दाब ओळखणे किंवा मोठ्या शिरेच्या रुंदीवरून सलाईन किती द्यायचे हे ठरवणे, हे हलत्या स्ट्रेचरवर आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णात भरवशाचे वाटत नाही. हृदय बंद पडल्याची शंका आली तर मात्र प्रोब अमोल आहे, कारण कंपनांत नाडी हाताला लागत नाही. छातीवरचे दाब थांबवून नाडी पाहण्याच्या दहा सेकंदांतच हृदय हलते आहे का ते पाहावे. चित्र दिसले नाही तर अकरावे सेकंद घेऊ नये.

आपल्या भागापुरती एक वेगळी सूचना. कपाशीवर फवारायचे कीटकनाशक औषध पोटात गेलेले रुग्ण आपण सगळेच पाहतो. त्यांना ॲट्रोपीन हा उतारा किती द्यायचा हे छातीतला खरखराट थांबला की नाही, यावरून ठरते, आणि विमानात तोच ऐकू येत नाही. अशा वेळी सोनोग्राफीवर ॲट्रोपीन मोजण्याचा मोह होतो. मी तसे करत नाही. काख कोरडी आहे का, नाडीचा वेग, बीपी, डोळ्यांच्या बाहुल्या आणि नळीतून येणारा स्राव यांवर मी चालतो. अशा रुग्णाचा डोस रस्त्यात नव्हे, खाटेवर स्थिर झाला पाहिजे, आणि तो झालेला नसेल तर मी निघण्याची घाई करत नाही.

आता त्या पाऊण तासाविषयी. सरावलेल्या हाताला छातीच्या दोन्ही बाजू, हृदय आणि पोटाच्या तीन जागा पाहायला तीन-चार मिनिटे पुरतात, आणि तीही वेगळी काढावी लागत नाहीत. नर्स पंप बदलत असते आणि व्हेंटिलेटर जोडला जात असतो, तेव्हाच हे होते. उरलेला वेळ हस्तांतरणाचा असतो: नळ्या पुन्हा बांधणे, औषधे आमच्या पंपांवर घेणे, आमच्या व्हेंटिलेटरवर रुग्ण दहा मिनिटे टिकतो का ते पाहणे, कागदपत्रे. दारातून पाहणाऱ्या नातेवाइकांना मात्र फक्त प्रोब आणि स्क्रीन दिसते आणि सगळा उशीर त्यानेच झाला असे वाटते. तुमच्याकडे आलेल्या डॉक्टरांनी काय पाहत आहोत आणि का, हे दोन वाक्यांत सांगितले असते तर बरे झाले असते. पण प्रोब पंधरा मिनिटे हातात होता आणि बाकी सगळे खोळंबले होते, अशी वस्तुस्थिती असेल, तर तुमची नाराजी रास्त आहे. चित्र मिळत नसेल तर सोडून द्यायला शिकणे हाही सरावाचाच भाग आहे.

यंत्र घेण्याविषयी दोन गोष्टी. पहिली कायद्याची. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा १९९४ चा कायदा प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला लागू आहे, मग ते टेबलाएवढे असो वा खिशात मावणारे, आणि ‘आम्ही फक्त अपघाताचे रुग्ण पाहतो’ असे म्हटल्याने नोंदणीतून सुटका होत नाही. हलवता येणाऱ्या यंत्रांसाठी २०१२ पासून वेगळा नियम आहे: ज्या जागेसाठी नोंदणी झाली आहे तिथल्या दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर वैद्यकीय सेवा देणाऱ्या फिरत्या पथकाचा भाग म्हणूनच, त्यांची नोंदणी होते. ही कटकट आहे असे पुष्कळ सहकारी म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. हे यंत्र ज्या हातांत गेले त्यांनी काय केले, ते त्या आकड्यात लिहिलेले आहे. खरेदीपूर्वी जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा, कोण वापरणार आणि कुठे, हे स्पष्ट लिहा, आणि ऑनलाइन विक्रेत्याने ‘नोंदणी नंतर बघू’ म्हटले तर त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरी गोष्ट सरावाची. प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी जाणकाराच्या नजरेखाली २५ ते ५० वेळा प्रोब धरावा, असा आपत्कालीन वैद्यकातील संकेत आहे. छातीची रेघ लवकर जमते. पोटाला वेळ लागतो. तुमच्या रुग्णालयात अपघाताचे रुग्ण येतात आणि रेडिओलॉजिस्ट चोवीस तास नसतात, हे लक्षात घेता मी नोंदणी करून यंत्र घेण्याच्या बाजूचा आहे. त्याचा मोठा फायदा आम्हाला होईल. आम्ही निघण्यापूर्वीच फोनवर तुम्ही ‘उजवी रेघ सरकत नाही’ इतके सांगितलेत, तर छातीतली नळी आम्ही पोहोचेपर्यंत तुमच्याकडे घालून होईल, त्या नळीला लावायच्या पाण्याच्या बाटलीऐवजी हवा फक्त बाहेर जाऊ देणारी एकतर्फी झडप आम्ही सोबत आणू, आणि उरलेल्या हवेची शंका असेल तर केबिनचा दाब जमिनीइतका ठेवून कमी उंचीवरून उडता येईल का हे वैमानिकाला आधीच विचारता येईल. तसे उडण्यास इंधन जास्त लागते, म्हणून ते आयत्या वेळी ठरत नाही.

एक छोटी पद्धत आम्ही पाळतो, ती तुम्हीही पाळू शकता. जिथे प्रोब ठेवला त्या दोन्ही जागांवर मार्करने फुली मारतो आणि शेजारी वेळ व ‘सरकते’ किंवा ‘नाही’ असे लिहितो. विमानात सॅच्युरेशन पडले तर नेमक्या त्याच फुलीवर पुन्हा प्रोब ठेवता येतो आणि जमिनीवरचे चित्र व आताचे चित्र यांची तुलना एकाच जागेची होते. मुंबईला रुग्ण उतरवून घेणाऱ्या डॉक्टरांनाही ते छातीवरच वाचायला मिळते.